हरकत नसल्याची नोंद

जिनिव्हा,
नवव्या महिन्याची १२ तारीख, १९५४

प्रिय एलवुड यास,
स. न. वि. वि.

मुरंब्याच्या खोक्यातच पत्र ठेवण्याची काटकसर तू केलीस. झाकण सैल होतं. पत्र आधी चाटावं लागलं, मग वाचता आलं. मुरंबा उत्तम आहे, असं डोरकासला सांग. बायकोने केलेल्या गोष्टीचं श्रेय तू घेऊ नकोस. पत्रातल्या मजकुराबद्दल पुढे लिहीन.

पुलावरची माणसं अजून पुलावरच आहेत. चारशे बारा. जकातीच्या त्या जुन्या गोदामांत त्यांचा आता दुसरा हिवाळा येतो आहे. पुलाच्या दोन टोकांना कोणते देश आहेत ते पत्रात लिहायचं नाही असा मी शब्द दिला आहे. म्हणून आपण त्यांना अलीकडचे आणि पलीकडचे म्हणू. अलीकडचे म्हणतात, ही माणसं पलीकडची. पलीकडचे म्हणतात, अलीकडची. याखेरीज दोघांचं एकमेकांशी बोलणं नाही. घाटात बर्फ पडलं की पीठ आणि दूध नेणाऱ्या आपल्या मदतसंस्थेच्या लॉऱ्या बंद होतात. गेल्या हिवाळ्यात नऊ माणसं थंडीने गेली. मी तिथेच होते.

लाझार तुला आठवत असेल, गोदामातल्या आमच्या शाळेत गणित शिकवणारा म्हातारा. चेस्टनट मांडून उदाहरण घालायचा आणि तास संपला की उदाहरण खाऊन टाकायचा. त्याने लिहिलं आहे की चेस्टनट संपत आले आहेत, तेव्हा यंदा वजाबाकीच्या पुढे जाता येईलसं दिसत नाही.

भांडलेल्या राजदूतांना संस्थेच्या घरी जेवायला बोलावणं हे इथलं माझं काम. मुलींच्या वसतिगृहात एकोणीस वर्षं हेच केलं. फक्त मुली लवकर शहाण्या व्हायच्या. दोन्ही देशांचे प्रतिनिधी यायला कबूल झाले आहेत. दोघांची अट एकच: समोरच्याच्या देखत तोंड उघडणार नाही आणि त्याच्या हातात हात देणार नाही. मी विचारलं की जेवायला तरी उघडाल ना. तेवढं चालेल, असं दोन्ही कचेऱ्यांनी लेखी कळवलं आहे.

लोभ घट्ट आहेच. झाकणाचं तेवढं बघ.

तुझी बहीण,
टेसी


सिडर हॉलो, पेनसिल्व्हेनिया,
नवव्या महिन्याची २० तारीख

प्रिय टेसी हिस,
अ. आ.

पुढे लिहीन म्हणालीस, आणि पुढे तुझी सही आली. म्हणून मी पुन्हा लिहितो, या वेळी कोरड्या कागदावर.

शाळेची समिती तुला मुख्याध्यापिका म्हणून बोलावते आहे. तिसऱ्यांदा. पूल रिकामा झाला की येते, असं तू म्हणाली होतीस. व्हिएन्नाला गेलीस तेव्हा एका वर्षात येते म्हणाली होतीस, त्याला आठ वर्षं झाली. ते मी काढत नाही. समिती बाराव्या महिन्यापर्यंत थांबेल. गणिताची बाई लग्न करून ओहायोला गेली. तेव्हापासून मुलींना गणित मी शिकवतो. मुली सोसतात. गाई जास्त लक्ष देऊन ऐकतात, पण त्यांची परीक्षा नसते.

जेवणाचं काय झालं ते कळव. डोरकास विचारते, वाढणार काय. मी सांगितलं की टेसीच्या हातचं असेल तर न बोललेलंच बरं.

माया आहे तशी राहू दे, आणि उत्तर पाठव.

एलवुड


जिनिव्हा,
दहाव्या महिन्याची २ तारीख

प्रिय एलवुड यास,
स. न. वि. वि.

जेवण झालं. सूप गार झालं, पण काम झालं.

हे घर चालवणारी ऑगस्टा अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. जेवणाआधीचं मौन तीच संपवते. आपल्या पंथाच्या मौन प्रार्थनासभेत थोरली माणसं करतात तसंच. शेजारच्याचा हात हातात घेतला की मौन सुटलं. पाहुणे असले की ती एका मिनिटात हात पुढे करते. दोघे प्रतिनिधी मी तिच्या दोन बाजूंना बसवले, म्हणजे एकमेकांचा हात धरायची पाळी कुणावर येऊ नये. सगळ्यांनी माना खाली घातल्या. एक मिनिट झालं. पाच झाली. मला वाटलं ऑगस्टाला आतून काही जाणवतं आहे, आपण मध्ये पडू नये. पंधराव्या मिनिटाला ती हलकेच घोरली.

उठवावं तर मौन मोडतं. न उठवावं तर सूप. तू माझ्या जागी काय केलं असतंस ते मला ठाऊक आहे. तूही झोपला असतास.

दोघे मात्र ताठ बसले होते. जो आधी हलेल तो हरला, असं त्यांनी धरलं असावं. पलीकडच्याच्या पोटात गुरगुरलं. जरा वेळाने अलीकडच्याच्या पोटातून उत्तर आलं. दोन वर्षांतलं दोन देशांचं हे पहिलं बोलणं. कुणी हसलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे गोदाम उभं राहिलं, आणि काय लिहायचं ते मला स्पष्ट दिसलं. पाकिटाच्या पाठीवर मी नोंद लिहिली. पुलाची दोन्ही फाटकं या महिन्याच्या अठरा, एकोणीस आणि वीस तारखेला उजाडल्यापासून मावळेपर्यंत उघडी राहतील. ज्याचे नातलग अलीकडे तो अलीकडे जाईल, ज्याचे पलीकडे तो पलीकडे. तीन दिवस कुणाचे कागद बघायचे नाहीत, आणि त्यामुळे कोणत्याही देशाचा हक्क सुटला असं धरायचं नाही.

उभी राहून वाचली. आपल्या सभेत विचारतो तसं विचारलं, कुणाची हरकत आहे का. कुणीही घेतली नाही. म्हणून खाली लिहिलं, सर्वांस मान्य.

माझ्या आवाजाने ऑगस्टा जागी झाली. आपण सभेतच आहोत असं समजून तिने दोन्हीकडचे हात धरले आणि मौन संपवलं. मग सगळ्यांनी गार सूप संपवलं. अलीकडच्याने एक शब्द न बोलता मिठाची वाटी पलीकडच्यापुढे सरकवली. दुसऱ्या सकाळी नोंदीच्या दोन चांगल्या प्रती काढून मी दोन्ही कचेऱ्यांत देऊन आले.

मी खुशीत आहे. तुझा लोभही या आठवड्यात थोडा जास्त असू दे.

टेसी


सिडर हॉलो,
दहाव्या महिन्याची ९ तारीख

प्रिय टेसी हिस,
अ. आ.

ती नोंद पक्की नाही.

हायरम आणि जेस यांचं झऱ्यावरून भांडण होतं तेव्हा मी सभेचा नवा चिटणीस होतो. झरा दोघांनी वापरावा अशी नोंद मी वाचली. आपल्यात मतं मोजत नाहीत. हरकत आली नाही की झालं. हरकत आली नाही. दुसऱ्या दिवशी हायरमने झऱ्याला कुंपण घातलं. तो पटलं म्हणून गप्प नव्हता, फुगला म्हणून गप्प होता. ते कुंपण निघायला चार वर्षं लागली, आणि ती नोंद माझ्या अक्षरात अजून वहीत आहे.

तुझ्या पाहुण्यांची तर न बोलण्याचीच अट होती. त्यांना हरकत विचारणं म्हणजे तोंडाला मुसकं बांधलेल्या बैलाला कडबा आवडला का विचारणं. आपल्यात गप्प बसण्याचा काय अर्थ होतो, हे तू त्यांना आधी सांगितलं होतंस का? सांगितलं असतंस तर पत्रात लिहिलं असतंस.

जाऊन चूक सांग. चारशे बारा माणसांसाठी लिहिलेली खोटी नोंदही खोटीच. हे लिहिताना मला बरं वाटत नाही. डोरकास म्हणते, हे पत्र पोस्टात टाकूच नकोस. मी तिला रीतसर हरकत विचारली, तिने रीतसर घेतली. तरी टाकतो आहे.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

एलवुड


पुलावरून,
दहाव्या महिन्याची २१ तारीख

प्रिय एलवुड यास,
स. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी रागावले, कारण तुझं बरोबर होतं. ऑगस्टाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भाऊ असावा तर असा, पण दूर असावा.

त्याच दुपारी अलीकडच्याकडे गेले. त्याला सांगितलं की तू बोलणारच नव्हतास आणि मी तुझ्या गप्प बसण्याला संमती धरली. चूक माझी, नोंद परत घेते. त्याने विचारलं, पलीकडच्याने मान्य केलं आहे का. मी म्हटलं, नाही, तोही नुसता गप्प होता. त्यावर त्याचा चेहरा खुलला. म्हणाला, मग त्याने केलं त्याहून मी काही जास्त केलेलं नाही. बोललो नाही, सही केली नाही, हात दिला नाही. फाटक उघडलं तर ते कुणा अमेरिकन मास्तरणीच्या पाकिटामुळे उघडलं. एवढं राजधानीला सांगता येतं. नोंद परत घेऊ नकोस, जे घडलं ते लिही.

पलीकडचाही जवळजवळ हेच बोलला. वर म्हणाला की तुम्हा लोकांच्या गप्प बसण्याचा अर्थ त्याने येण्याआधीच वाचून ठेवला होता. सूप गार मिळेल हे मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

तेव्हा 'सर्वांस मान्य' मी खोडलं. आता तिथे आहे, 'कुणीही हरकत घेतली नाही.' हे खरं आहे.

अठराला फाटकं उघडली. पहिली आली ती दोन शेळ्या घेतलेली बाई. शेळ्यांचे नातलग कुठे, असं शिपायाने विचारलं आणि तोच हसला. तीन दिवस माणसं जात होती. काल मावळताना दोन्ही फाटकं लागली. आज बर्फ पडलं.

चारशे अकरा गेले. लाझार राहिला. पहिल्या दिवशीच तो पेटी घेऊन रांगेत होता. त्याचे नातलग अलीकडे नाहीत, पलीकडेही नाहीत. बायको गेल्या हिवाळ्यातल्या नऊ जणांत होती. तीन दिवस तो दोन्ही रांगांत आळीपाळीने उभा राहिला. माझ्या नोंदीत त्याच्यासाठी ओळ नव्हती, एलवुड. मीच लिहिली, मीच वाचली. ज्याला हरकत विचारायची तो त्या टेबलाशी नव्हता.

मी त्याला हे सगळं सांगितलं. तो चहा पीत होता. म्हणाला, चारशे बारातून चारशे अकरा गेले की उरलेलं खाऊन टाकता येत नाही, ही या उदाहरणातली अडचण.

मी इथेच थांबते आहे. टपालवाला बर्फावरून घसरत येतो, तेव्हा पत्रं येत राहू देत, आणि त्यांत तू थोडा असू दे.

टेसी


सिडर हॉलो,
दहाव्या महिन्याची ३१ तारीख

प्रिय टेसी हिस,
अ. आ.

चारशे अकराबद्दल सभेत सांगितलं. कुणी काही बोललं नाही. या वेळी ते गप्प बसणं कसलं होतं ते मला नीट कळलं.

शाळेच्या समितीची बैठक झाली. मुख्याध्यापिका म्हणून तुझं नाव मी वाचलं. कुणीतरी विचारलं, टेसीचं काय म्हणणं आहे. मी तुझी तिन्ही पत्रं काढली. आपल्या शाळेबद्दल त्यांत एक अक्षर नाही. तेव्हा नोंद केली, 'टेसीने हरकत कळवलेली नाही.' हे खरं आहे. 'मान्य आहे' असं मी लिहिलं नाही. मी हायरमकडून शिकलो, तू माझ्याकडून शीक.

एक माणूस उरला तरी पूल रिकामा नाही, हे मी जाणतो. तू येणार नाहीस. त्याचं काय करायचं ते लिही, आणि या वेळी शब्दांत. इकडे मुलींनी माझ्या गणिताला हरकत घेतली आहे. लेखी, सतरा सह्यांची.

लोभाबद्दल माझी कसलीही हरकत नाही.

एलवुड


पुलावरून,
अकराव्या महिन्याची १० तारीख

प्रिय एलवुड यास,
स. न. वि. वि.

शाळा मान्य आहे. शब्दांत लिहिलं आहे, डोरकासला दाखव. इतके दिवस गप्प होते ते भीतीने. आठ वर्षांनी तिथे कुणाला मी आठवत नसेन, असं वाटायचं.

सोबत आपल्या वकिलातीचा अर्ज आहे. लाझारला घर आणि शाळेत गणिताचं काम देणारा कुणी आहे, असं अमेरिकेतल्या माणसाने लिहून द्यावं लागतं. तुझ्याकडून उत्तर न आल्यास संमती धरावी, असा माझा बेत होता. पण वकिलातीला मौन चालत नाही. दोन देशांची फाटकं कुणी न बोलता उघडली, आणि तिसऱ्याच्या दाराला तीन प्रती लागतात.

टपालवाला त्याला घसरगाडीवर बसवून खाली नेईल. तो म्हणतो, लाझारचं वजन दोन पार्सलांएवढंच आहे. पण कागदांवाचून खालचं ठाणं त्याला सोडणार नाही. लाझार स्वतः प्रार्थनेला जात नाही. आपली सभा कशी असते ते मी सांगितलं तर म्हणाला, तासभर नुसतं बसायचं असेल तर दोन वर्षांचा सराव आहे. त्याचा प्रश्न एकच: तुमच्याकडे चेस्टनट मिळतात का.

माझ्यावर आहे त्यातला थोडा लोभ त्याच्यासाठी काढून ठेव.

टेसी


सिडर हॉलो,
अकराव्या महिन्याची १९ तारीख

प्रिय टेसी हिस,
अ. आ.

तिन्ही प्रतींवर सही केली आहे. नोटरीने शपथ घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, आम्ही शपथ घेत नाही, एरवीही खरंच बोलतो. त्याने शेणाने भरलेल्या माझ्या बुटांकडे पाहिलं आणि शिक्का मारला.

चेस्टनट नाहीत. आपल्याकडची सगळी झाडं रोगाने गेली, तू असतानाच गेली होती. अक्रोड आहेत. फोडायला वेळ लागतो. मुलींचं गणित तेवढं पक्कं होईल. वरची खोली डोरकासने झाडून ठेवली आहे. सतरा मुलींना बातमी सांगितली तर त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला निरोप देताना एवढा आनंद कुणी दाखवायला नको होता.

अर्जात एक रकाना होता, 'अर्जदाराशी नातं'. तिथे मी बराच वेळ थांबलो. खोटं लिहायचं नव्हतं, आणि रिकामा रकाना चालत नाही असं कारकुनाने बजावलं. शेवटी लिहिलं, 'अजून नाही.'

कारकुनाने ते दोनदा वाचलं. हरकत घेतली नाही.

दोघांवर लोभ आहे, काढून ठेवावा लागला नाही.

एलवुड