‘सोड’ कुणाला म्हणाला?

४ मार्च
फुकट मॅडम आल्या! हे नाव मीच ठेवलं. मोठ्या इंजिनियर, रिटायर झालेल्या. गावोगावच्या वीज संस्थांना फुकट सल्ला देत फिरतात. आमचे अध्यक्ष सगळ्यांना सांगत सुटलेत — "एक पैसा घेत नाहीत, आपलं काय जातंय!"
माझं जातंय. दादा खांबावर शॉक बसून कसा गेला, ते शोधायला आल्यात.

५ मार्च
मॅडमनी पहिलं हेच विचारलं — अर्थिंगची साखळी, म्हणजे चुकून आलेली वीज जमिनीत उतरवणारी, लावली होती का? लावली होती. काम उरकलं, दादानं ती काढली आणि उतरायच्या आधीच वायरलेसवर म्हणाला, "लाइन सोड." सबस्टेशनच्या ऑपरेटर काकांनी वीज सोडली. सगळे हेच सांगतात.
अध्यक्ष म्हणाले, "चूक त्याचीच हो. आठ वर्षांचा अनुभवी वायरमन, पण घाई केली."
मॅडमच्या कागदावर असंच आलं तर वहिनीला दादाच्या जागी नोकरी नाही.
मी तिथंच बसलेलो, तक्रारींचे फोन घ्यायच्या माझ्या जागेवर. फोन वाजत होता. उचललाच नाही.

६ मार्च
ऑफिसातला वायरलेस सेट दिवसभर खरखरतो. त्या खरखरीत दादा श्वास घेतोय. बंद केला तरी घेतोच!

८ मार्च
पुतणी मागे लागली — "काका, बाबांचा आवाज काढ ना!" आधी काढायचो, घर डोक्यावर घ्यायचो. नाही म्हटलं, तर रडली. मग काढला. "काय गं चिमणे, जेवलीस का?"
हुबेहूब. इतका, की मीच मागे वळून पाहिलं!
आत वहिनीच्या हातातलं भांडं पडलं. तिनं ते उचललंसुद्धा नाही.

९ मार्च
आज कुणाचाच आवाज काढला नाही. स्वतःचा पण नाही.

११ मार्च
मॅडमनी ऑपरेटर काकांना समोर बसवलं. "नेमके शब्द काय होते?"
"लाइन सोड."
"त्याआधी काय ऐकलंत?"
"काही नाही. बाहेर मीटर बघत होतो. आत आलो आणि हेच ऐकलं."
"तो तुम्हाला अरे-तुरे करायचा?"
काकांनी मान हलवली. मग म्हणाले, "छे हो! मला कायम 'काका, सोडा' म्हणायचा."
"मग 'सोड' कुणाला म्हणाला?"
मी फोनची वायर बोटाला गुंडाळत बसलेलो, बोट पांढरं पडलं.
मला म्हणाला. मला! मी ऑफिसच्या सेटवर अध्यक्षांचा आवाज काढत होतो — "काम झालं की खांब पुसून घरी घेऊन या!" दादाला हसू आवरेना. "लाइन सोड," म्हणाला. म्हणजे सेट अडवू नकोस. काकांना वाटलं, वीज सोड.
लिहिलं एकदाचं.

१२ मार्च
मॅडमना सांगितलं. वाटलं, थोबाडीत ठेवून देतील. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "एका शब्दाचे दोन अर्थ, आणि ऐकलेलं परत विचारून घ्यायची पद्धत नाही. हे मी किती ठिकाणी सांगितलंय! पण मला बोलावतात माणूस गेल्यावर."
मग फळ्यावर लिहिलं — 'सोड' हा शब्द बंद. माणूस खाली उतरल्यावरच बोलायचं. स्वतःचं नाव सांगून 'चालू करा' म्हणायचं. समोरच्यानं तेच परत म्हणून दाखवायचं. सेटवर मस्करी नाही.
शेवटचं लिहिताना माझ्याकडे बघितलं नाही. ते जास्त लागलं.
कागदावर आता दादाची चूक नाही. माझं नाव आहे. वहिनीला नोकरी मिळेल, आणि हा कागदही मिळेल.
"घरी तू सांग," मॅडम म्हणाल्या. "ते मी नाही करणार."

१३ मार्च
वहिनीला सांगितलं.
"माहितीये," म्हणाली. दादानं एक बिघडलेला सेट घरी आणून नीट केला होता. तो गेला त्या दिवशी ती कपड्यांच्या घड्या घालत त्याच सेटवर ऐकत होती. सगळं.
"मग बोलली का नाहीस?"
"काय बोलू? तुझ्या त्या आवाजाला मी हसत होते. सेट गप्प झाला, तरी हसतच होते."