फाटकापर्यंत आवाज

जाफराबाद,
१२ जानेवारी

ती. ताईस,
देवानंदचा सविनय जयभीम. वि. वि.

नवा माईक घेतला. पावतीवरचा आकडा सांगत न्हाई, कारण तो खरा न्हाई. खरा हिशेब असा: माईक, अधिक जालन्याला एसटीनं जाणं-येणं, अधिक भाव पाडायला दुकानदाराला पाजलेला चहा, अधिक एक हळदीची ऑर्डर, जी मी गावात नसल्यानं दुसऱ्यानं मारली, अधिक तुझ्या भावजयीचा अबोला. हा शेवटचा खर्चा अजून चालू आहे.

पण पंधरा ऑगस्ट मला विसरता येत न्हाई. तुझ्या नातीनं, तृप्तीनं, राजूरच्या शाळेत पहिलं वाक्य उचललं आणि माझ्या जुन्या माईकनं अशी शिट्टी मारली की झाडावरचे कावळे उडाले. पोरं हसली, पोरगी खाली उतरली. तेव्हापासून वर्गात हजेरीलाही नुसता हात वर करते, तोंड उघडत न्हाई, हे तूच कळवलंस. आता कल्याण सरांनी तिला तीस जानेवारीचं भाषण दिलं म्हणतेस. गांधीजींना गोळ्या घातल्या त्या संध्याकाळी पंडित नेहरू रेडिओवर बोलले, ते. या वेळी बोलली तर बोलली. पुन्हा खाली उतरली, तर शाळेत तिचा आवाज कोणाला कधी ऐकू येईल असं मला वाटत न्हाई.

म्हणून साउंड माझा, फुकट. सायकलला एक भोंगा बांधून धंदा सुरू केलेला माणूस आहे मी. नुसत्या घरघरीवरून सांगतो कोणती वायर ढिली आहे ते. भाषणाला मी स्टेजपाशी थांबणार न्हाई, पार चिंचेखालच्या फाटकापाशी उभा राहीन. तिथं शब्द न् शब्द आला न्हाई, तर ‘देवानंद साउंड’ची पाटी माझ्या हातानं उतरवतो.

हे फोनवर सांगण्यासारखं न्हाई. तुला ऐकू येत न्हाई, मंग तृप्तीच मधी बसून एकेक वाक्य तुझ्या कानात ओरडते. व्हॉट्सॲपही तीच वाचते. तिच्याबद्दलचं तिच्याच तोंडून कसं पाठवू? म्हणून हे पाकीट. आणि तृप्तीनं हे फोडलं असेल, तर तृप्ताबाई, गुपचूप परत चिकटवा.

माया आहे तशीच राहू दे, वाढवलीस तर नको म्हणणार न्हाई.

तुझा धाकटा,
देवानंद


राजूर,
१६ जानेवारी

चि. देवानंदास,
चांगुणाताईचे आशीर्वाद आणि जयभीम.

पाकीट मिळालं, न फोडलेलं. भावजयीचा अबोला म्हणजे तुला सुट्टीच, तो खर्चात कशाला धरतोस?

माझं बरं चाललं आहे. चतुर्थीला मंदिरापाशी एवढी गर्दी आणि एवढे भोंगे असतात की शेजारणी कानात कापूस घालतात. मी अंगणात मजेत मेथी निवडते. बहिरेपणाचे फायदे कोणी सांगत नाही.

तृप्तीचं पाठांतर झालं आहे. कल्याण सरांनी भाषण सोप्या मराठीत उतरवून दिलं. रोज संध्याकाळी मी ओसरीवर बसते आणि ती अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, न्हाणीपाशी उभी राहून म्हणते. मला कळलं तर मी मान हलवायची, नाही कळलं तर तिनं पुन्हा म्हणायचं, असा आमचा करार आहे. परवा मागच्या गल्लीतली म्हातारी विचारत आली की तुमच्याकडं कोण वारलं. गांधीजी, असं तृप्तीनं सांगितलं. म्हातारी जरा बसली, पाणी प्यायली आणि गेली.

घरातलाही एक प्रश्न मिटवला. सूरजचा पुण्याहून फोन आला होता. बापच तो, लेकीचं कौतुक वाटतं. पण त्यानं विचारलं की आपल्या घरात हे भाषण कसं काय? अण्णाआजोबांचं तर गांधीजींशी जन्मभर पटलं नाही. मी तृप्तीकरवी त्याला आपल्या अण्णांचंच वाक्य ऐकवलं: “ज्याच्याशी भांडायचं तो माणूस जिता लागतो. गोळीनं वाद जिंकत न्हाई, नुसता बंद पडतो.” त्यावर तो काय म्हणाला हे तिनं मला सांगितलं नाही, पण हसत होती.

काळजी एकच. भाषण येतं, भीती माईकची आहे. माईक असणारच का, हे ती मला फिरून फिरून विचारते. तुझा मामाआजोबा नवा आणून राह्यला, असं सांगितलं, तर तिनं ताट पुढं सारलं. तुझ्या उत्साहाला नख लावायचं नाही, पण एकदा विचार कर: माईकशिवाय नाही का चालणार?

भावजयीला माझी आठवण सांग. बोलत नसेल तर लिहून दाखव.

तुझी ताई,
चांगुणा


जाफराबाद,
२१ जानेवारी

ती. ताईस,
सविनय जयभीम.

तुझा प्रश्न वाचून रात्री जेवण गेलं न्हाई. माईकशिवाय चालतं का, हे तू साउंडवाल्याला विचारतेस! न्हाव्याला विचार, दाढी राहू दिली तर चालेल का म्हणून. अगं, मैदान केवढं, पोरगी केवढी! बिनमाईकची ती दुसऱ्या ओळीपर्यंतसुद्धा पोचणार न्हाई. नव्या माईकला शिट्टी बिलकुल येत न्हाई, हे तिला माझ्या नावानं सांग.

भाषण मीही मागवून वाचलं. ताई, मी आजवर लहानमोठ्या किती पुढाऱ्यांचे माईक लावले. त्यांचा आवाज मी त्यांच्या बायकांपेक्षा जास्त ऐकला असेल. कोण मनापासून रडतो आणि कोण रुमालापासून, हे मला मशीनमागं बसून कळतं. पण हे भाषण वेगळंच. सगळा देश रेडिओला कान लावून बसलेला, आणि हा माणूस आधी म्हणतो की उजेड गेला. मंग तिथल्या तिथं म्हणतो, मी चुकलो, हा उजेड जाणारा न्हाई. एवढ्या मोठ्या खुर्चीवरचा माणूस दुःखात, चालू भाषणात, सगळ्यांसमोर ‘चुकलो’ म्हणतो. मी माईक लावलेल्यांपैकी एकाच्याही तोंडून हा शब्द आला न्हाई. आमच्या घरात तर मीसुद्धा कधी काढलेला न्हाई, तुझ्या भावजयीला विचार. तृप्तीला सांग, त्या शब्दाआधी जरा थांब. घाई करू नको.

त्या दिवशी अकराला दोन मिनिटं मौन आहे, मंग तिचं भाषण, मंग राष्ट्रगीत. मी मौनाच्या आधीच फाटकाकडं निघेन. मशीनपाशी तुझी खुर्ची टाकतो. कोणाला हात लावू देऊ नको. पोरं बटणं दाबतात. तुझ्यासारखा पहारा कोणाचा न्हाई, तुला कोणी बोलून फितवूच शकत न्हाई.

भेटूच. तोवर काळजी माझ्यावर टाकून निवांत मेथी निवड.

तुझा,
देवानंद


जाफराबाद,
१ फेब्रुवारी

ती. ताईस,
त्रिवार जयभीम.

परवा भाषण संपल्या संपल्या सामान टेम्पोत टाकून भोकरदनच्या लग्नाला पळालो, तुझ्याशी धड भेट झाली न्हाई. ते पोटात राह्यलेलं आता लिहितो.

ताई, पाटी उतरत न्हाई! मी फाटकाला पाठ लावून उभा होतो. मौन सुटलं. पोरगी माईकपुढं आली आणि गप्प. मंग तिनं मान वर केली, पार समोर बघितलं आणि सुरू झाली. काय तो आवाज! एकेक शब्द चालत फाटकापर्यंत आला. ‘मी चुकलो’च्या आधी अशी थांबली की रस्त्यानं चाललेला एक जीपवालाही इंजिन बंद करून ऐकत बसला. त्याचे डोळे ओले होते, माझं मी सांगत न्हाई.

आणि साउंडचं सांगू? घरघर न्हाई, शिट्टी न्हाई, भोंग्यातून येतोय असं वाटतच न्हाई. जणू माणसाच्या गळ्यातून थेट कानात. माझ्या सगळ्या धंद्यात असा स्वच्छ आवाज मी लावला न्हाई. याला म्हणतात माल. जालन्याचा दुकानदार मला लुटून राह्यला असं वाटलं होतं, आता त्याला पेढे नेणार आहे. लगोलग तीन जणांना या माईकचं सांगून ठेवलं, त्यातल्या एकानं लग्नाची ऑर्डर दिलीसुद्धा.

लोकही जाणते आहेत. मी फाटकाकडून परत आलो तर सगळे माझ्याकडं बघून हसत होते, कौतुकानं. मुख्याध्यापकांनी शाल दिली. साउंडवाल्याला शाल म्हणजे नवलच. देताना त्यांना बोलवत नव्हतं, ओठ दाबून उभे होते, एवढे भरून आले होते. मशीन बंद करायला गेलो तर ते आधीच बंद! कल्याण सरांनी केलं असणार. माणूस शिस्तीचा आहे.

तुझा पहाराही चोख. तृप्तीला सांग, मामाआजोबा म्हणतो, शाबास. माईक बोलायला शिकवतो माणसाला.

तुझ्या भावजयीला शाल दाखवली. अबोला सुटला.

तुझा अभिमानी भाऊ,
देवानंद


राजूर,
५ फेब्रुवारी

चि. देवानंदास,
आशीर्वाद आणि जयभीम.

पत्र मी दोनदा वाचलं आणि एकदा कल्याण सरांनाही दाखवलं. त्यांना खोकला आला, बाहेर जाऊन आले.

बातमी चांगली आहे. दुसऱ्या दिवशी हजेरीला तृप्तीनं ‘हजर’ असं म्हटलं की शेजारच्या वर्गातला एक पोरगा दचकून उभा राह्यला. आता वर्गात धडा वाचायला तीच उठते. बाई म्हणाल्या की एवढं मोठ्यानं कशाला, तर म्हणते, घरी सवय आहे. पंधरा ऑगस्टचं भाषणही आत्ताच मागून ठेवलं आहे.

तू म्हणतोस ती पार समोर बघत होती. समोर नव्हे. माझ्याकडं बघत होती, आणि मी ओसरीवर हलवते तशी मान हलवत होते. ‘मी चुकलो’ हे मला ऐकू आलं, देवानंदा. कानानं आलं की तिच्या ओठांवरून, ते मला ठरवता येत नाही आणि ठरवायचंही नाही. अण्णा असते तर म्हणाले असते, भाषण बराबर झालं, आता वाद घालू.

शाल परत करू नको, शोभते तुला. पाटीही राहू दे. साउंडवाल्याच्या कानाला माझ्या नातीचा आवाज सगळ्यांत स्वच्छ वाटला, हे खरंच आहे आणि माझ्या कामाचं आहे. दुकानदाराला पेढे नेण्याआधी मात्र एकदा इकडं ये. थालीपीठ करते. जो शब्द तू तुझ्या घरात कधी काढला नाही म्हणतोस, तो काढायची तयारी ठेवून ये.

रागावलास तरी चालेल, पण पत्र थांबवू नको.

तुझी ताई,
चांगुणा

ता. क. मशीन कल्याण सरांनी बंद केलं नव्हतं. मौनात सगळे डोळे मिटून उभे होते, एकटी तृप्ती माईककडं बघत होती. बटण मी तेव्हाच खाली केलं. भाषणभर तुझा माईक बंद होता.