होऊ नये

४ मार्च
सार्वमताचा प्रश्न छापायला गेला! ‘केंद्राचा धरण कायदा लागू होऊ नये, असे आपले मत आहे का?’ खाली दोन चौकटी — होय, नाही. साहेब म्हणत होते, अजून सोपं करा. मी हट्टाला पेटले. कायद्याची भाषा कायद्यासारखीच हवी. व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. सातपैकी चार राज्यांत लोकांचा कौल ‘होय’ पडला की कायदा गेला आणि नदीकाठचं आईचं घर वाचलं.

११ मार्च
कचेरीतल्या चहावाल्याने नमुन्याची मतपत्रिका वाचली. विचारतो, धरण नको असेल तर ‘नाही’ ना? म्हटलं, नाही हो, ‘होय’. तो हसला. मला हसू येईना. सगळ्या पत्रिका छापून झाल्या आहेत. साहेबांना उद्या सांगते.

१२ मार्च
नाही सांगितलं.

१९ मार्च
आईचा फोन. सगळी आळी धरणाविरुद्ध ठाम आहे, फक्त तुझ्या मामाचा भरवसा नाही, म्हणाली. चौकटींचं अगदी जिभेवर आलं होतं. पण मतदानाबद्दल घरीसुद्धा चकार शब्द काढायचा नाही, अशी आम्हा कर्मचाऱ्यांची शपथ आहे. शपथ कसली — भीती! आईला सांगायचं तर आधी स्वतःची चूक कबूल करावी लागली असती.

२७ मार्च
तीन राज्यं इकडे, तीन तिकडे. आमचं सातवं. दोनशे अकरा मतांनी ‘नाही’कडे गेलं.

९ एप्रिल
नळ सोडला की पाण्यातून ‘नये, नये’ ऐकू येतं. भांडी अर्धी टाकून उठते. वेड लागेल मला.

३० मे
घर खाली करायची नोटीस लागली. आई कायमची माझ्याकडे आली. येताना दाराची कडी उपटून आणली आहे. दिवसभर मांडीवर घेऊन पुसत असते. मामाशी बोलणं तोडलंय. सख्ख्या भावाने घर बुडवलं, एवढंच म्हणते.

२ जून
आज विचारलंच, मामाने असं केलं तरी काय?
“त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, ‘होय’वर शिक्का मारला म्हणून. मी ‘नाही’वर मारला. चांगला दाबून! आळीतल्या एकेकीला घरी जाऊन बजावलं होतं, ‘नाही’वरच मारा.”
मी नळ बंद करायला उठले. नळ बंदच होता.