बाबाजींना न दिलेलं उत्तर

एकतीस लेखकांच्या मुलाखती घेतल्या, त्यांतल्या एकाशी तरी मी बोलले का? याचं उत्तर मला देता येत नाही. बाकीचं ठाऊक आहे, ते लिहून ठेवते.

मी प्रणिता हिरामण मोकल, वय सत्तावीस, राहणार कासू, तालुका पेण. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि हे मी कोणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. वीस तारखेला, गुरुवारी, मुंबईत माझ्या हृदयाच्या झडपेचं दुसरं ऑपरेशन आहे. पहिल्या वेळी डॉक्टर माझ्याशी बोलले होते. या वेळी ते फाइलकडे बघून बोलले. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. यानंतर करायची वेळ येईल असं वाटत नाही.

१. बँकेत जे असेल ते माझी आई सोनी हिचं. पदवीची फ्रेम भिंतीवर राहू द्या असं बाबा म्हणतील, तर राहू द्यावी. आमच्या घरातली ती पहिली आहे.

२. पुस्तकं रोह्याच्या वाचनालयाला, वैशालीताईंच्या ताब्यात. काहींवर लेखकांच्या सह्या आहेत. तिघांनी माझं नाव प्रणाली असं लिहिलंय. त्यांनी विचारलं नाही आणि मीही दुरुस्त केलं नाही.

३. माईक आणि ट्रायपॉड साहिलला. मुलाखतींचा आमचा यूट्यूब चॅनल तो चालवतो, मुलाखती कापून जोडण्याचं काम त्याचं. "ताय, लोकांना लेखक ऐकायचाय, तू नाय," असं तो एकदा म्हणाला, तेव्हापासून माझा त्याच्यावर राग होता. तो मागे घेते. माझा आवाज कापताना मीच त्याच्या शेजारी बसून कुठे कापायचं ते दाखवत होते.

४. सत्ताविसावी मुलाखत हमरापूरच्या बाबाजी समेळांची. गणपतीचे डोळे आखता आखता त्यांनी एकच कथासंग्रह लिहिला. त्यांच्या कारखान्यात कोणीही आलं की हातात पॉलिशपेपर मिळतो. मूर्ती घासत बसायचं, बोलणं आपोआप सुरू होतं. मलाही दिला. मी तो बाजूला ठेवला, कारण घासण्याचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये येतो. मग मी अकरा प्रश्न विचारले आणि त्यांनी पेपरात आधी छापून आलेली अकरा उत्तरं दिली. मधेच ब्रश खाली ठेवून त्यांनी विचारलं, "माज्या गोष्टीतला कोनता मानूस तुज्या घरात हाय गो?"

मी म्हणाले, "सर, वेळ कमी आहे, पुढचा प्रश्न घेऊ."

त्यांच्या एका गोष्टीत एक वॉचमन आहे. त्याला वाचता येत नाही, पण ड्यूटीवर तो पेपर हातात धरून बसतो आणि फोटो बघून झाला की पान उलटतो. तो माझ्या घरात आहे. डोलवीला कंपनीत कंत्राटावर जातो आणि मी त्याला बाबा म्हणते. हे सांगायला एक मिनिट लागलं असतं. मला लाज वाटली. नंतर तो प्रश्न मी कापायला लावला. बाबाजी गेल्या श्रावणात वारले.

५. बाबाजींच्या मुलाखतीचं मूळ, न कापलेलं रेकॉर्डिंग त्यांच्या पत्नी सरूकाकूंना द्यावं. उरलेल्या तीस मुलाखती मी या महिन्यात पुन्हा ऐकल्या. एकोणीस जणांनी मला काही ना काही विचारलं होतं. एकोणीस वेळा मी पुढचा प्रश्न घेतला. त्या तीस पुसून टाकाव्यात, साहिलने हळहळू नये.

६. गेल्या रविवारी ठरवून बाबांजवळ बसले. नुसतं बोलायला. मग बाबा सदऱ्याचं बटण लावून ताठ बसले आणि म्हणाले, "तू इचार ना गो. मी सांगतो." माझा भाऊ रोशन आतून ओरडला, "बाबा, कॅमेऱ्याकडं बगा." मी शिफ्ट कधी सुटली ते विचारलं. त्यांनी वेळ सांगितली आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत राहिले.

त्यांना देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. बाबाजींचं पुस्तक द्यावं. फोटो नाहीत त्यात, पण द्यावं.

७. हे मृत्युपत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखवावं, चौथं कलमसुद्धा. त्यांनी मधे काही विचारलं तर वाचणाऱ्याने थांबावं. पुढचं कलम घेऊ नये.

८. प्रश्नांची वही कोणी शोधू नये. बत्तिसाव्या लेखकाला नाही म्हणून कळवलंय. काल, सोमवारी, मी हमरापूरला गेले. सरूकाकूंनी काही न विचारता पॉलिशपेपर पुढे केला. "घे गो. बोलायचं नसंल तरी हात चालू दे." दोन तास मी एका गणपतीचं पोट घासलं. त्या बोलल्या नाहीत, मलाही जमलं नाही. निघताना मूर्तींसाठी भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचा टब दिसला. वहीची पानं सुटी करून त्यात माझ्या हाताने भिजवली आहेत.

सही: प्रणिता हिरामण मोकल

आमच्यासमोर प्रणिताने स्वतः सही केली आणि तिच्यासमोर आम्ही:
१. वैशाली दळवी, रोहा
२. ऋत्विक पाटील, कासू

कासू, मंगळवार, ११ मार्च २०२५