रोज एक तुटलेला धागा

अप्पा, तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी आता इथल्याच मुलींच्या शाळेत गणित शिकवते. ओसरीवर तुम्ही मला शिकवलंत तसंच शिकवत आले. माझ्या पाटीवरची चूक मला नीट दिसण्याआधीच तुम्ही धोतराच्या सोग्याने पुसून टाकायचात. चुकीकडे बघत बसलं की ती मनात घर करते, असं म्हणायचात. एकदा मी पुसलेल्या जागी वाकून बघितलं, तर दिवसभर माझ्याशी बोलला नाहीत.

यंदा वरून हुकूम आला, की शिक्षकांनी महिनाभर एखाद्या कारागिराकडे काम शिकावं, म्हणजे वर्गातलं शिकवणं सुधारेल. दाखला मिळाला नाही तर नोकरी कायम होणार नाही. मला एका रेशीम विणकराच्या घरी पाठवलं. सगळ्या शिक्षकांत पहिली मीच का, या विचाराने तेव्हाच मनात पाल चुकचुकली. विणकर म्हातारा आहे. काही समजावून सांगायचा नाही, वही बाजूला ठेवायला लावायचा. मला वाटलं, कसब लपवतोय. चौथ्या दिवसापासून तर सकाळी मागावर बसावं आणि ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटलेला असावा. रोज वेगळ्या जागी. शेकडो धाग्यांतून तो शोधून गाठ मारेपर्यंत अर्धी सकाळ जायची. म्हातारा शेजारच्या मागावरून नुसता बघायचा. दारात त्याची बायको कांड्यांवर रेशीम भरत बसलेली असायची, आणि दोघं त्यांच्या घरच्या भाषेत काहीतरी बोलून हसायची. आपणही उंबऱ्याच्या आत मराठी बोलतो आणि बाहेर पाऊल टाकलं की तमिळ, तेव्हा शेजाऱ्यांना काय वाटत असेल, हे मला सुचलंच नाही. धागा तीच तोडते अशी माझी खात्री झाली. मुख्याध्यापिकाबाईंना मी तसं सहीनिशी लिहून दिलं. कागद वर गेला असता तर त्या घरी शिक्षक पाठवणं बंद झालं असतं.

दोन दिवसांनी मी मुद्दाम लवकर गेले, तिला पकडायला. तर म्हाताराच माझ्या मागावर वाकून दोन बोटांनी धागा तोडत होता.

“तुम्हीच?” मी विचारलं.

“मग काय भूत तोडणार, टीचरम्मा? सगळे धागे धड असले तर कापड होईल, माग कळणार नाही. बघत बसा. तुटलेला आपणहून दिसतो.”

दारातून त्याची बायको म्हणाली, “या टीचरम्मा आठवडाभर माझ्याच हातांकडे बघताहेत. मला वाटलं, बांगड्या आवडल्या.”

मी तशीच शाळेत धावले. कागद अजून मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलाच्या खणात होता. बाई म्हणाल्या, लिहून दिलंत, तर मागेही लिहूनच घ्या. ते लिहायला बसले, तेव्हा कळलं, स्वतःची चूक मी इतका वेळ समोर ठेवून कधी बघितली नव्हती.

गेल्या आठवड्यात एका मुलीचा भागाकार फळ्यावर चुकला. मी फडकं उचललं आणि तसंच हातात धरून उभी राहिले. वर्ग खुसखुसला, ती रडवेली झाली, आणि मला वाटलं, मी तिचा छळच करतेय. मग तिने खालून तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. बरोबर तिथेच चुकलं होतं. तरी ही रीत चांगली की वाईट, माझं ठरत नाही. तिच्या आईची तक्रार येईल अशी रोज धास्ती वाटते.

हे पत्र पेटीत टाकायला पत्ता नाही, तरी एक सांगते. मागे घेतल्याच्या कागदावर मी ‘गैरसमज झाला’ एवढंच लिहिलं. कोणाबद्दल, ते लिहिलं नाही. दाखला मिळाल्यावर विणकराच्या बायकोकडे दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळा तिने कॉफी दिली आणि दोन्ही वेळा मी ती पिऊन परतले. तिला अजून काहीच माहीत नाही. तुम्ही असतात तर माझ्या आधी तुम्हीच जाऊन माफी मागून आला असतात. खरं सांगू, अप्पा, इतके दिवस मी त्याचीच वाट बघत होते.