माणूस असल्यामुळे माल परत

साडूभाऊ यांस,

तुमच्याहून वयानं चार वर्षं आणि अकलेनं थोडा मोठा (हे दुसरं तुम्ही मान्य करत नाही, तरी लिहून ठेवतो) अशा साडूचा नमस्कार. तब्येत कशी आहे? घड्याळं उघडताना भिंग अजून दुखऱ्याच डोळ्याला लावता का? सगळे म्हणतात की तुम्ही आता दुकान आवरावं. मी म्हणत नाही. माणसानं काम सोडलं की घरचे त्यालाच दुरुस्त करायला घेतात, हा स्वतःचा अनुभव आहे. धाकटीचे गुडघे कसे आहेत? आमची ही गेल्यापासून तिच्या बहिणीची चौकशी करायचं काम माझ्याकडे आलं आहे, ते मी नेमानं करतो. तिला आशीर्वाद सांगा. तिनं विणलेला स्वेटर मला आखूड होतो हे मात्र सांगू नका. माझं म्हणाल तर ठीक. रात्री झोप लागत नाही, आणि दिवसा लागली तर इतकी का लागली याची काळजी वाटते. बाकी सुखरूप.

आता मुद्द्याचं. मुलाला आणि सूनबाईंना चार महिन्यांसाठी परगावी काम निघालं आहे. घर बंद करायचं, तर बाबांचं काय? यावर घरात बैठक भरली. मीही बैठकीला होतो, पण विषय मीच असल्यामुळे मला बोलायला दिलं नाही. शेवटी असं ठरलं की ते दोघं आधी थोडे दिवस तिकडे जाऊन भाड्याचं घर बघतील, आणि तेवढ्यात मी इथं एकटा राहून दाखवीन. निभावलं तर चार महिने माझं घर मला. नाही निभावलं तर माझी वळकटी तुमच्या घरी. तुमच्याकडे राहण्यात मला आनंदच आहे, गैरसमज नको. पण तुमच्या भिंतीवर एवढी घड्याळं आहेत आणि त्यातल्या एकाचंही दुसऱ्याशी पटत नाही. मी तुमच्याकडे आलो की दिवसातून दहा वेळा माझे बारा वाजतात. शिवाय खरं सांगू का, इथल्या अंधारात मला दिव्याचं बटण कुठं आहे ते हाताला कळतं. या वयात नवा अंधार शिकणं होत नाही.

एकटं राहण्यात स्वयंपाकाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता बारीकसारीक वस्तूंचा. काडेपेटी संपते, बल्ब जातो, साबणाची चिपटी होते. दुकान मोठ्या रस्त्याच्या पलीकडे. त्या रस्त्याच्या मधोमध मी एकदा उभा राहिलो (पुढं जावं की मागं यावं याचा विचार करत होतो, विचार करायला माणूस उभा राहतोच), तेव्हा एका बसवाल्यानं बस थांबवून, खाली उतरून, मला हाताला धरून पलीकडे सोडलं. बसमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यात आमच्या सूनबाईंची मैत्रीण होती. तेव्हापासून रस्ता बंद.

म्हणून मुलानं ड्रोन लावून दिला. आमच्या वस्तीत हल्ली सर्रास येतो. टेबलपंख्याचे चार तुकडे करून कोपऱ्यांना लावावेत आणि मध्ये जेवणाचा डबा अडकवावा, असं ते यंत्र दिसतं. आवाज रिकाम्या पिंपात गांधीलमाशी सापडल्यासारखा. फोनवर वस्तूंची चित्रं असतात, चित्रावर बोट ठेवायचं, की ते वस्तू घेऊन उडत येतं, मागच्या अंगणावर थांबतं आणि दोरीनं खोकं खाली सोडतं. मुलानं अंगणात मधोमध पांढरं वर्तुळ रंगवून दिलं. त्यानं सगळं दोनदा समजावलं आणि जाताना तिसऱ्यांदा समजावलं. तिसऱ्यांदा समजावल्यामुळे पहिल्या दोन वेळचं जे कळलं होतं तेही गेलं.

पहिल्या दिवशी मी चहाची गाळणी मागवली. आवाज आला तसा अंगणात धावलो आणि वर्तुळात उभा राहिलो. साडूभाऊ, मी उभं आयुष्य गोदामात मुकादमी केली. आमचा एकच नियम होता: माल उतरतो तिथं खाली माणूस उभा पाहिजे. माणूस नसेल तर माल उतरवायचा नाही, मग मालक स्वतः येऊन ओरडला तरी. हा नियम मोडला म्हणून मी माझ्या सख्ख्या चुलतभावाला कामावरून काढला आहे. तेव्हा मी दोन्ही हात वर करून रीतसर खूण केली, येऊ दे, येऊ दे, सावकाश, अजून. ते वर नुसतं गुणगुणत राहिलं. मी मोठ्यानं सांगितलं, घाबरू नकोस, मी धरतो. तर ते वळलं आणि गाळणीसकट निघून गेलं. फोनवर अक्षरं आली. मी चौथीपर्यंत शिकलो, त्यामुळे जरा वेळ लागला, पण वाचली. "अंगणात माणूस असल्यामुळे माल परत नेला आहे."

माणूस असल्यामुळे! माणूस नाही म्हणून परत गेलेला माल मी आयुष्यभर पाहिला, पण माणूस आहे म्हणून परत जाणारा हा पहिलाच. मला वाटलं, मला ओळखत नसेल. नोंद मुलाच्या नावावर आहे. म्हणून दुसऱ्या दिवशी मुलाची टोपी आणि त्याचं निळं जाकीट घालून उभा राहिलो. परत गेलं. मग वाटलं, उभं राहणं उद्धटपणाचं दिसत असेल, म्हणून वर्तुळात खुर्ची टाकून बसलो. तेव्हा तर ते थांबलंसुद्धा नाही.

हे सगळं कुंपणापलीकडून शेजारच्या शिंपीणबाई बघत होत्या. (गळ्यात टेप, तोंडात टाचण्या. टाचण्या तोंडात ठेवून त्या जितकं बोलतात तितकं मला मोकळ्या तोंडानं जमत नाही.) त्या म्हणाल्या, "काका, ते यंत्र आहे, जावई नाही. सामोरे कशाला जाताय? घरात बसा की गप!" मी म्हटलं, माल वाऱ्यावर कसा सोडायचा? त्या म्हणाल्या, "वाऱ्यावरूनच येतोय तो!" या बाईशी वाद घालण्यात अर्थ नाही. पुढच्या खेपेला मी घराकडे गेलो खरा, पण अर्ध्या वाटेवर पाण्याच्या पिंपामागं बसलो. यंत्र आलं, वाकून पाहिल्यासारखं केलं आणि गेलं. पलीकडून आवाज आला, "अहो काका, पिंपामागून टक्कल चमकतंय!"

मला रडू यायचं बाकी होतं. आठवडा चालला होता, चहा मी हातरुमालातून गाळत होतो, आणि मुलगा रोज फोन करून विचारत होता, "बाबा, जमतंय ना?" मी रोज जमतंय म्हणत होतो. गाळणीवाचून कोणी मरत नाही, पण एका गाळणीपायी घर सुटणार हे दिसू लागलं. शेवटी मी शिंपीणबाईंना हात जोडले आणि म्हटलं, माझे पाय माझं ऐकत नाहीत. मला आत घाला आणि मागच्या दाराला बाहेरून कडी लावा. पुढच्या दाराला कुलूप असतंच, आणि त्याची किल्ली मी हरवीन म्हणून आधीच त्यांच्याकडे ठेवायला दिली होती. बाई हसल्या, पण कडी लावली.

आणि साडूभाऊ, काय सांगू! मी खिडकीच्या गजांना कपाळ टेकून बसलो होतो. ते आलं. वर्तुळावर बरोबर थांबलं. पोटातून एक बारीक दोरी सोडली, दोरीला हुक, हुकाला खोकं. खोकं जमिनीला टेकलं, हुक आपोआप सुटला आणि दोरी सरसर वर गेली. ना आरडाओरडा, ना आपटाआपट, ना कोणाच्या आईबापांचा उद्धार. शिव्यांशिवाय उतरलेला माल मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. क्षणभर वाटलं, आम्ही इतकी वर्षं उगाचच ओरडलो की काय.

गाळणी अंगणात पडली होती. आता बाई येऊन कडी काढतील म्हणून थांबलो. बाई आल्या नाहीत. (नंतर कळलं की एका नवरीच्या पोशाखाचं माप चुकल्याचा निरोप आला, तशा त्या कात्री घेऊन धावल्या.) फोन लावला, तर तो भिंतीपलीकडे त्यांच्या शिलाई मशीनवर वाजताना मलाच ऐकू आला. गजांतून काठी घालून पाहिली, पोचली नाही. मग डोकं चालवलं. म्हटलं, दाराच्या बिजागऱ्या खोलाव्यात. फोनवर पेचकसाचं चित्र शोधलं, बोट ठेवलं. यंत्र तत्परतेनं आलं आणि पेचकस गाळणीच्या शेजारी ठेवून गेलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पेचकसही अंगणातच येणार. (तुम्ही हसत असाल. हसा. धाकटीला वाचून दाखवताना हा भाग गाळा.) मग काठीला फास बांधून पेचकस ओढावा म्हणून सुतळीचा गुंडा मागवला. तो पेचकसाच्या शेजारी.

त्यानंतर जे केलं त्याला कारण विचारू नका. मला नुसतं ते परत बघायचं होतं. हुक कसा सुटतो ते तिन्ही वेळा निसटलं होतं. म्हणून कपड्यांचे चिमटे मागवले आणि डोळे फाडून बसलो. पण सुटायच्या वेळी नेमकी शिंक आली. परत चिमटे मागवले. तेव्हा ते थोडं तिरकं झालं, मला वाटलं माझ्याकडे बघतंय, म्हणून मी हात हलवला आणि हुक पुन्हा चुकला. तुम्ही घड्याळजी, तुम्हाला कळेल: ओझं जमिनीला टेकलं हे त्या हुकाला कोण सांगतं? आत तुमच्या घड्याळातल्यासारखी कमान असेल का? आणि वाऱ्यानं हललं की ते पुन्हा जागेवर येतं, ते लंबकासारखं की माणसासारखं, म्हणजे आपण चुकलो हे कळल्यामुळे? तिसऱ्यांदा चिमटे मागवले तेव्हा मुलाचा फोन आला. सगळी मागणी त्यालाही दिसते हे मला ठाऊक नव्हतं.

वाटलं, आता वळकटी बांधावी लागणार. पण तो खुशीत! "बाबा, तुम्ही तर एकदम सराईत झालात!" मागून सूनबाईंचा आवाज आला, "चिमटे एवढे कशाला?" मी म्हटलं, इकडे वारा आहे. त्यांनी विचारलं, "सामान आत घेतलंत ना?" मी म्हटलं, माझ्या नजरेसमोर आहे. यात एक अक्षर खोटं नाही. मुलगा म्हणाला, बाबा, माझी खात्री पटली, तुम्ही एकटे राहाल. मागून सूनबाई चिमटे मोजताना ऐकू आल्या. त्या मोजायला लागल्या की मला धडकी भरते.

दुपार कलल्यावर शिंपीणबाई धावत आल्या, कडी काढली, अंगणातली रास पाहिली आणि म्हणाल्या, "काका, दुकान काढताय का?" मग माझा चेहरा बघून त्यांनीच चहा टाकला, नव्या गाळणीतून गाळला. तेव्हा एकंदरीत सगळं उत्तम झालं आहे. माझं घर माझ्याकडे राहिलं. एकटा माणूस या यंत्राच्या जोरावर झकास राहू शकतो, तुम्हीही विचार करा. काळजी नसावी.

तुमचा,
थोरला साडू

ता. क. सूनबाई तुम्हाला फोन करणार आहेत, असं मुलाच्या बोलण्यातून निसटलं. पत्रात थोरल्यानं काही अडचण लिहिली नाही, असं सांगा. तुमच्याकडे जागा आहे का असं विचारलं, तर रंगकाम काढलंय म्हणा. चार महिने चालेल असं रंगकाम म्हणा.

ता. क. दुसरं. वरचं लिहून पाकीट डकवायला घेतलं, तर डिंक नाही. डिंक मागवला. आज कडी नव्हती. स्वतःला बजावून खुर्चीत बसलो, खुर्चीचे हात घट्ट धरले. आवाज आला आणि पुढचं आठवतं ते एवढंच, की मी वर्तुळात उभा आहे आणि माझे हात वर आहेत. डिंक परत गेला. शिंपीणबाईंना कडीचं विचारलं, तर म्हणाल्या, "काका, मला धंदा आहे. तुम्हाला रोज कोंडायला कुठून येऊ?" त्यांचंही बरोबर आहे. तेव्हा वरचं सगळं खरं धरू नका. मला एकट्याला जमत नाही.

ता. क. तिसरं, आणि हेच मुख्य समजा. रंगकामाचं सांगूच नका. सूनबाईंना म्हणा, आम्हीच चार महिने तिकडे जातो. मागच्या दाराला बाहेरून कडी लावायची, पुढच्या दारानं आत यायचं, आणि खिडकीशी माझ्याशेजारी भिंग घेऊन बसायचं, एवढंच काम आहे. हुक कसा सुटतो ते तुम्हाला एका खेपेत कळेल, मला उरलेल्या चार महिन्यांत समजावून सांगा. फक्त एक धास्ती आहे. तुम्हालाही राहवलं नाही आणि पुढच्या दारानं आपण दोघंही अंगणात धावलो तर? म्हणून धाकटीला बरोबर आणाच. पुढच्या दाराची किल्ली तिच्याकडे राहील. तिच्या हातून आजवर कोणी सुटलेलं नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.