बावीस मिनिटांत गुगेनहाइम

रविवार, ९ मार्च. डून लेरी.

ठरलं. जूनमध्ये बिल्बाओ आणि सान सेबास्तियान. चार दिवस, तिघं, कमीत कमी खर्चात. वृंदाची पन्नाशी आहे. लग्नाआधी ती चित्रं काढायची, बरी काढायची. बिल्बाओचं गुगेनहाइम म्युझियम एकदा दाखवीन असा शब्द मी तेव्हा दिला होता. आयर्लंडला येऊन नऊ वर्षं झाली, ती अजून त्या म्युझियमचं नाव काढते.

खरं कारण दुसरं आहे. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोणी वाचत नाही. काल गॉलवेहून डॉ. शशिकांत बायकोला घेऊन जेवायला आला. गेल्या वर्षी बास्क मुलखात जाऊन आल्यापासून ह्या माणसाला दुसरा विषय नाही. माझ्या टीव्हीवर, माझ्या सोफ्यावर बसून, दोन तास त्याचे फोटो. एकाच जेवणाचे अकरा कोर्स. त्यातला एक कोर्स म्हणजे नुसता फेस. फेसाचा फोटो! आणि वृंदा ते सगळं पापणी न हलवता बघत होती.

संकल्प: शशिकांतच्या निम्म्या खर्चात दुप्पट बघायचं. आणि मग त्याच्या टीव्हीवर दाखवायचं.

सोमवार, १७ मार्च.

सेंट पॅट्रिकची सुट्टी. बाहेर पाऊस आणि हिरव्या टोप्या. तिकिटं काढली. भल्या पहाटेचं विमान म्हणून स्वस्त. पैसे परत मिळणार नाहीत म्हणून आणखी स्वस्त.

वृंदाने विचारलं, तुझ्या व्हिसाचं काय. हसू आलं. तिच्याकडे आणि तन्वीकडे आयरिश पासपोर्ट आहेत. मी घेतलेला नाही, तत्त्व म्हणून. २६ जानेवारीला मंडळात ह्याच विषयावर पंधरा मिनिटं बोललो, टाळ्या पडल्या. (शशिकांतने घेतलाय. नागरिकत्वाच्या समारंभाला नवा सूट शिवून गेला होता.) पण व्हिसा कशाला? नऊ वर्षं युरोपात राहतो, टॅक्स भरतो, खिशात रेसिडेन्स कार्ड आहे. पुण्याहून साताऱ्याला जाताना कोणी व्हिसा विचारतं का?

तन्वी सोळा वर्षांची आहे, मराठी सगळं समजतं, बोलते इंग्लिश. म्हणाली, डॅड, यू डू नीड वन, लाइक. हल्लीची मुलं.

ऑफिसातल्या पियूषनेही न विचारता तोंड घातलं. म्हणे एका व्हिसावर फिरता येतं ते युरोपातलं शेंगेन वेगळं, आयर्लंड त्यात नाही. त्याला पुढच्या कोड रिव्ह्यूत बघून घेतो.

शनिवार, ५ एप्रिल.

प्लॅन तयार. चौदा पानं, रंगीत, निळ्या फोल्डरमध्ये. गुगेनहाइम: बावीस मिनिटं. त्याच्या दारातला फुलांनी मढवलेला कुत्र्याचा पुतळा: चार मिनिटं, फोटो धरून. सान सेबास्तियानचा समुद्र: अकरा. समुद्र आम्हाला डून लेरीत फुकट आहे, त्याचं कौतुक किती करायचं.

वृंदा म्हणाली, बावीस मिनिटांत एक चित्रसुद्धा नीट बघून होत नाही. मी समजावून सांगितलं की चित्र जागचं हलत नाही, त्यामुळे वेळ कमी लागतो. ती भांडी आवरायला लागली. पटलं असावं.

रविवार, २७ एप्रिल.

आज रंगीत तालीम केली. बास्क लोक बारमध्ये उभ्या उभ्या पिंचोस खातात. म्हणजे पावाच्या कापावर काहीतरी ठेवायचं आणि वर काडी खुपसायची. शेवटी काड्या मोजून बिल. मी बटाट्याची भाजी, उकडलेलं अंडं आणि लोणच्यातली मिरची ठेवून पस्तीस केले आणि मुद्दाम शशिकांत-स्नेहलताला बोलावलं. माणशी पाच काड्या, असं सुरुवातीलाच जाहीर केलं.

शशिकांतच्या बशीत शेवटी चार काड्या. ताटात उरलेले पिंचोस बघता ह्याने किमान नऊ खाल्ले. डॉक्टर माणूस काड्या खिशात घालतो! वर म्हणाला, भाजी झकास झाल्ये, पण तिकडे असं मोजून खात नाहीत रे, गप्पा मारत खातात. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, व्हिसाची अपॉइंटमेंट आत्ताच घे, जूनच्या तारखा भराभर जातात. जळतो माझ्यावर.

स्नेहलता आणि वृंदा कॉलेजपासूनच्या मैत्रिणी. स्नेहलताने तिला वाढदिवसाची आगाऊ भेट दिली: जाड कागदाची कोरी वही आणि पेन्सिलींचा पत्र्याचा डबा. वृंदा वहीच्या कागदावरून कितीतरी वेळ हात फिरवत बसली. ओझं नुसतं.

बुधवार, २१ मे. दुपारी १:१०. ऑफिस.

केवळ पियूषचं तोंड बंद करावं म्हणून वेबसाइट उघडली. व्हिसा लागतो.

१:१५. वेबसाइट जुनी असावी.

१:३०. जुनी नाही. पहिली मोकळी अपॉइंटमेंट ४ ऑगस्टला.

संकल्प: रोज सकाळी घरच्या लॅपटॉपवर बघायचं, कोणीतरी कॅन्सल करतंच. वृंदाला सांगायचं नाही. आनंदात आहे बिचारी, उगाच तिला टेन्शन कशाला. हा माझा त्याग आहे, ह्याची कुठेतरी नोंद हवी म्हणून इथे करतो.

शुक्रवार, ३० मे.

कोणी कॅन्सल करत नाही. माणसं स्वार्थी झाली आहेत.

पण आज मोठा आधार मिळाला. डार्टमध्ये, म्हणजे इथल्या लोकलमध्ये, रोज समोर बसणारे टोपीवाले म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांना सगळी केस सांगितली. कार्ड दाखवलं. त्यांनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, अह, यू विल बी ग्रँड. म्हणजे काही अडचण येणार नाही. सत्तर वर्षं ह्या देशात काढलेल्या माणसाचं मत आहे. पियूषला येऊन दोन वर्षं झाली. गृहस्थ आधी पावाची गाडी चालवायचे, पण कामानिमित्त विमानतळावर जाणं-येणं असे.

प्रश्न मिटला.

मंगळवार, १० जून.

बॅगा भरल्या. फुकट न्यायची बॅग एवढीशी, एक वस्तू जास्त झाली की पैसे लागतात. वृंदाच्या बॅगेतून ती वही आणि पेन्सिलींचा डबा काढला. त्याच जागेत बारा दशम्या आणि चटणी नेमकी बसली. वही प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात) ठेवली, कपबशांच्या मागे.

वृंदा दारात उभी राहून बघत होती. तिने विचारलं, प्रसन्न, तुला मला काही सांगायचंय का. मी म्हणालो नाही. तिने पुन्हा विचारलं, नक्की ना. तेव्हा आठवलं. सांगितलं की पाण्याच्या बाटल्या रिकाम्याच ने. ती आत निघून गेली. बायकांना काय ऐकायचं असतं ते देवालाच ठाऊक.

गुरुवार, १२ जून. सकाळी ७:२०. विमानतळ.

शांतपणे लिहितो.

काउंटरवरच्या मुलीने माझा पासपोर्ट चार वेळा चाळला. मी कार्ड दाखवलं. बायको-मुलगी आयरिश आहेत हे सांगितलं. डार्टमधल्या गृहस्थांचं मतही सांगितलं. ती फार गोड आवाजात सॉरी म्हणाली. मी आवाज चढवून मॅनेजरला बोलावलं, तर तो तिच्याहून गोड. ह्या देशात धड भांडायचीसुद्धा सोय नाही.

मागे वळलो. वाटलं वृंदा रडेल, निदान चिडेल. तिला आश्चर्यसुद्धा वाटलेलं दिसलं नाही. म्हणाली, लॅपटॉपवर ते अपॉइंटमेंटचं पान तीन आठवडे उघडंच होतं. रोज सकाळी वाटायचं, आज सांगशील. परवा तर तोंडाने विचारलं. तू बाटल्या म्हणालास.

मग तिने बॅग उघडून दशम्यांचा डबा माझ्या हातात दिला. तन्वीने आपल्या बॅगेतून वही आणि पेन्सिली काढून तिला दिल्या. म्हणजे प्रेसमधून कधीच काढल्या होत्या. माझ्याच घरात कट! तन्वी म्हणाली, बाय डॅड, माइंड युअरसेल्फ. गेल्या दोघी.

फोल्डर माझ्या हातातच राहिला. ओरडून सांगितलं की पान तीनवर बसची वेळ आहे, ती चुकवू नका. वृंदा वळली, काही क्षण माझ्याकडे बघत उभी राहिली आणि मग आत गेली.

शुक्रवार, १३ जून.

सुट्टी घेतलेलीच आहे. दशम्या खातो आहे.

सकाळी १०:१५. फोल्डरप्रमाणे आत्ता कुत्रा.

१०:४१. आत्ता म्युझियममधून बाहेर पडायला हव्यात. फोन केला, उचलला नाही.

दुपारी १:२०. तन्वीचा फोटो आला. दोन पुरुष उंचीच्या गंजक्या लोखंडी भिंती आणि त्यांच्यामध्ये वृंदा जमिनीवर मांडी घालून चित्र काढते आहे. अजून आतच! तीन तास! सगळं नियोजन बोंबललं. मी मोठा मेसेज टाकला. तन्वीने अंगठा पाठवला.

शशिकांतचा फोन. चार दिवस एकटा काय करतोस, गॉलवेला ये, स्नेहलताने पुरणपोळ्या केल्यात. मी सांगितलं होतं ना, असं तो एकदाही म्हणाला नाही. हा त्याचा खरा नीचपणा. गेलो नाही.

पुरणपोळ्या आवडतात. पण तत्त्व.

शनिवार, १४ जून.

सान सेबास्तियानचा फोटो. बारमध्ये गर्दी, काउंटरवर ताटंच्या ताटं पिंचोस. फोटो मोठा करून काड्या मोजल्या: वृंदाच्या पुढ्यात आठ. कोणा अनोळखी म्हाताऱ्या बाईशी काहीतरी बोलून हसते आहे. भाषा कुठली, देव जाणे. हसताना तिच्या डाव्या गालाला खळी पडते. हे माझ्या लक्षातून गेलं होतं. फोटोचा अँगल असेल.

संध्याकाळी बंदराच्या पिअरच्या टोकापर्यंत चालत गेलो. समुद्र अकरा मिनिटं बघायचा ठरवून बसलो. पाचव्या मिनिटाला करमेना. दशमी खाल्ली. वातड झाली आहे.

सोमवार, १६ जून.

आल्या. काल रात्री विमानतळावर घ्यायला गेलो होतो. तन्वी म्हणाली, इट वॉज सम क्रॅक, डॅड. क्रॅक म्हणजे इथल्या भाषेत धमाल. मी सगळा हिशेब विचारला. तिकिटं आणि बस प्लॅनप्रमाणे, खर्चही प्लॅनच्या आत, कारण माझा वाटा वाचला. बाकी फोल्डरमधलं एक पानही पाळलेलं नाही. बिल्बाओत होत्या ते दोन्ही दिवस दोघी गुगेनहाइमला गेल्या. वृंदा म्हणाली, छान झालं. एवढंच. माझ्यासाठी एक पोस्टकार्ड आणलंय, कुत्र्याचं.

ती आंघोळीला गेली तेव्हा वही टेबलावर होती. चाळली. लोखंडी भिंती, छत्री घेतलेला माणूस, बारमधली ती म्हातारी, बसमध्ये मान टाकून झोपलेली तन्वी. बरी काढली आहेत. खरं तर चांगलीच काढली आहेत, हे एकदा लिहून टाकतो.

सगळ्यात पहिलं पान १२ जूनचं. विमानात बसल्या बसल्या काढलेलं दिसतं. विमानतळाचं काउंटर आणि त्याच्यापाशी कोणी म्हातारा उभा. खांदे पडलेले, एका हातात डबा, दुसऱ्या हातात फोल्डर, तोंड उघडं. त्याला घरी कसं जायचं तेही माहीत नसावं असा दिसतो.

हे चित्र अजिबात जमलेलं नाही. मी एवढा म्हातारा नाही, आणि एवढा घाबरलो तर मुळीच नव्हतो. इतक्या वर्षांत हाताची सवय मोडते, त्यात तिचा काय दोष.

फोल्डर मात्र हुबेहूब आलाय.